'अनुपमा'तला वनराज एकेकाळी बॉय बँडमध्ये होता! भारताच्या पहिल्या बॉय बँडचं पुढे काय झालं?

डिजिटल डेस्क, वर्धा

'अनुपमा' बघणाऱ्या कुठल्याही घरात वनराज शहा कोण, हे सांगावं लागत नाही. चार वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडून झाली आहेत. ही भूमिका करणारे सुधांशू पांडे ऑगस्ट २०२४ मध्ये मालिकेतून बाहेर पडले, तेव्हा मोबाईलवर त्याच्या बातम्या धडाधड वाचल्या गेल्या. पण त्याच माणसाचं एक जुनं गाणं यूट्यूबवर लावून घरच्यांना दाखवा. पाच देखणी पोरं, केसांना जेल, एकसारख्या स्टेप्स. आमच्याकडे हा प्रयोग झाला तेव्हा आईची पहिली प्रतिक्रिया होती, "हा गातो बी?"

गातो. किंवा गायचा. सुधांशू पांडे हे 'अ बँड ऑफ बॉइज' या मुंबईच्या बँडमधले पाचांपैकी एक. भारताचा पहिला बॉय बँड म्हणून या नावाची जाहिरात झाली होती.

हे आज आठवायचं कारण म्हणजे २०२५ मध्ये घडलेल्या दोन गोष्टी. बीटीएस या कोरियन बँडमागची कंपनी 'हाइब' हिने सप्टेंबरमध्ये मुंबईत आपलं भारतातलं ऑफिस उघडलं. इथले कलाकार शोधून त्यांना कोरियन पद्धतीने घडवायचं, असा त्यांचा इरादा आहे. आणि त्याच वर्षी सावन कोटेचा या अमेरिकी गीतकाराने पाच भारतीय मुलांचा 'आउटस्टेशन' हा बँड आणला. कोटेचा म्हणजे 'वन डायरेक्शन'चं 'व्हॉट मेक्स यू ब्यूटिफुल' लिहिणाऱ्यांपैकी एक. थोडक्यात, आपल्याकडची पोरं पुन्हा एकदा बॉय बँडच्या साच्यात घातली जाणार आहेत. मग पहिल्यांदा जे घातलं होतं त्याचं काय झालं, हे बघायलाच हवं.

आधी हे 'बॉय बँड' म्हणजे काय?

आपल्याकडे बँड म्हटलं की वरातीपुढचा बँड. इंग्रजीत बँड म्हटलं की गिटार, ड्रम घेऊन स्वतः वाजवणारे. बॉय बँड या दोन्हीत बसत नाही. इथे पोरं सहसा वाद्य वाजवत नाहीत. गातात आणि नाचतात. बहुतेक वेळा ती एकमेकांचे लंगोटीयारही नसतात. कुणीतरी निर्माता किंवा कंपनी ऑडिशन घेऊन त्यांना निवडते, एक लाजरा, एक मवाली, एक हसरा अशी वाटणी करते आणि गाणी बहुतेक दुसऱ्याच कुणाची असतात. हिशोब सरळ आहे. पाच चेहरे असले की गर्दीतल्या प्रत्येकीला स्वतःचा एक चेहरा सापडतो.

२००० च्या आसपास या हिशोबातून प्रचंड पैसा निघत होता. 'एन्सिंक'च्या 'नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड' या अल्बमच्या मार्च २००० मध्ये पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत २४ लाख प्रती खपल्या. 'बॅकस्ट्रीट बॉइज'ची पोस्टर तर आपल्याकडे जनरल स्टोअरमध्येही मिळायची.

पाच पोरं आणि एक मोठं घराणं

'अ बँड ऑफ बॉइज' २००१ मध्ये मुंबईत उभा राहिला. करण ओबेरॉय, सुधांशू पांडे, शेरिन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर आणि चिंटू भोसले अशी पाच नावं. सुधांशू मॉडेलिंगमधून आलेले, 'खिलाडी ४२०' या सिनेमात दिसलेले. करणही मॉडेलिंग आणि टीव्हीच्या वाटेवरचे. पुढे 'जस्सी जैसी कोई नहीं'मधला राघव म्हणून ते घराघरांत गेले.

मराठी वाचकाने थांबावं ती जागा म्हणजे शेवटची दोन नावं. चिंटू म्हणजे चैतन्य भोसले हे आशा भोसले यांचे नातू. त्यांचे वडील हेमंत भोसले संगीतकार. 'शारद सुंदर चंदेरी राती' ज्यांना पाठ आहे त्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. म्हणजे पणजोबा मास्टर दीनानाथ, आजी आशाताई, वडील हेमंत आणि नातू बॉय बँडमध्ये! चार पिढ्यांत नाट्यसंगीतापासून जेल लावलेल्या केसांपर्यंत. सिद्धार्थ हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर अमर हळदीपूर यांचे चिरंजीव. त्यांचे भाऊ संगीत हळदीपूर २००३ मध्ये चॅनल व्हीच्या 'पॉपस्टार्स' शोमधून तयार झालेल्या 'आसमा' या चौघांच्या ग्रुपमध्ये होते. त्याच ग्रुपमध्ये नीती मोहन होत्या, ज्या आज सिनेमात गातात. भारतातला हा सगळा प्रयोग किती कमी घरांमध्ये चालू होता, ते यावरून लक्षात येतं.

तेव्हा वातावरण अनुकूल होतं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने दाखवून दिलं होतं की सिनेमाशिवायही गाणं देशभर वाजू शकतं. पाठोपाठ १९९६ मध्ये हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचं 'कलोनिअल कझिन्स' आलं, १९९८ मध्ये 'युफोरिया'चं 'धूम पिचक धूम' आलं. चॅनल व्ही आणि एमटीव्ही दिवसभर हेच दाखवायचे. २००२ मध्ये पाच मुलींचा 'विवा' आला आणि त्याच वर्षी 'अ बँड ऑफ बॉइज'चा पहिला अल्बम 'ये भी वो भी'. त्यांची 'मेरी नींद' आणि 'गोरी' ही गाणी वाजली. चांगली वाजली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाच-पाच पोरांचे ग्रुप त्यावर नाचले.

मग २००४ मध्ये याच पाच जणांना घेऊन 'किस किस को' नावाचा सिनेमा निघाला. बीटल्सपासून ही युक्ती चालत आली आहे: बँड गाजला की त्याच्यावर सिनेमा काढायचा. तिकीटबारीवर तो काही चालला नाही. पुढच्या काही वर्षांत सुधांशू अभिनयाकडे वळले, बाकीचेही आपापल्या कामाला लागले. कुणी भांडण केलं म्हणून बँड संपला, अशी खमंग गोष्ट इथे नाही. पाणी आटलं आणि मासे दुसरीकडे गेले.

पाणी का आटलं?

याचं उत्तर मुंबईत शोधण्यापेक्षा वर्ध्यात शोधलेलं बरं.

२००२ मध्ये वर्ध्यातल्या पोराला 'ये भी वो भी' ऐकायचा असेल तर तीन रस्ते होते. पहिला टीव्ही. पण म्युझिक चॅनल दाखवायचं की नाही, हे केबलवाला ठरवायचा, आणि घरात एकच टीव्ही असेल तर वडील. दुसरा, दुकानातून ओरिजिनल कॅसेट किंवा सीडी घ्यायची. तिसरा रस्ता सगळ्यात चालू होता: एमपी थ्री सीडी. एकाच तबकडीत दीडशे गाणी, वरती झेरॉक्ससारखं कव्हर, ओरिजिनल अल्बमच्या किमतीच्या काही हिश्श्यात. त्यात 'गोरी' असायचं, पण त्यासोबत 'कांटे' आणि 'राज'ची गाणीही असायची. ऐकणारा खूश. बँडकडे एक रुपया पोचत नव्हता.

इथे सिनेमाच्या आणि अल्बमच्या गाण्यांत मोठा फरक पडला. सिनेमाच्या गाण्याचा खर्च सिनेमा उचलतो. गाणं ही त्याची जाहिरातच असते, त्यामुळे सीडी चोरीची असली तरी निर्मात्याला काही ना काही मिळतं. पॉप अल्बमचा व्हिडिओ, प्रमोशन, कपडे, सगळं फक्त अल्बमच्या विक्रीतून सुटायचं असतं. विक्रीच नाही तर कंपनी पुढच्या व्हिडिओला पैसे कशाला लावेल? तिकडे सिनेमावाले आपल्या गाण्यांचे प्रोमो म्युझिक चॅनलवर ओतत होते. चॅनलनीही हळूहळू गाण्यांपेक्षा रिअॅलिटी शोला जास्त वेळ द्यायला सुरुवात केली.

आणि ऑक्टोबर २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल' सुरू झालं. मार्च २००५ मध्ये अभिजीत सावंत जिंकले तेव्हा एसएमएस करून करून मोबाईलचा बॅलन्स संपवलेले लोक आपल्या आजूबाजूला अजून आहेत. या शोने गणितच बदललं. बॉय बँडमध्ये पाच जणांना वर्षभर पोसून, शिकवून लोकांपुढे आणावं लागतं. इथे शिकणं, रडणं, जिंकणं सगळं कॅमेऱ्यासमोर, आणि वर प्रेक्षकच मत द्यायला पैसे मोजतो. अशा वेळी पाच जणांवर पैसे लावायला कोण बसलंय?

आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. ते कुणी फारसं मांडत नाही. २००२ मध्येच वैशाली सामंत यांनी गायलेलं, अवधूत गुप्ते यांचं 'ऐका दाजिबा' आलं. ते आजही वर्ध्यातल्या प्रत्येक वरातीत वाजतं. 'गोरी' वाजत नाही. 'दाजिबा'ला आपल्या घरात जागा होती: हळद, वरात, गणपती, नात्यातली थट्टा. 'अ बँड ऑफ बॉइज'चं गाणं चांगलं असूनही ते बांद्र्याच्या कॅफेतलं होतं, त्यात वर्धा कुठेच नव्हतं. मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेसने एक रात्र. पण त्या व्हिडिओतलं जग त्याहून लांब होतं.

मग बीटीएस इथपर्यंत कसं पोचलं?

वरच्या हिशोबाने बीटीएस तर पोचायलाच नको होतं. भाषा कोरियन, चेहरे वेगळे, वरातीशी संबंध शून्य.

तरी पोचलं, आणि कुठवर पोचलं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या तीन अल्पवयीन मुली घरातून निघाल्या. पुण्याला जाऊन काम करायचं, पैसे जमवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचं, असा बेत होता. कुणी शोधू नये म्हणून आपलं अपहरण झाल्याचा बनावट फोनही केला. पोलिसांनी मोबाईलच्या लोकेशनवरून त्यांना सोलापूर जिल्ह्यात मोहोळजवळ बसमध्ये गाठलं आणि सुखरूप घरी आणलं. त्या वेळी बीटीएसच्या सातपैकी पाच जण सक्तीच्या लष्करी सेवेत होते. पोरी कोरियाला पोचल्या असत्या तरी भेटायला मोकळे दोघेच होते.

या बातमीवर तेव्हा खूप हसू झालं. मला हसू आलं नाही, कारण या वेडामागे एक नीट बांधलेली यंत्रणा आहे.

बीटीएसने १३ जून २०१३ रोजी पदार्पण केलं. बिग हिट ही त्यांची कंपनी तेव्हा छोटी होती. कोरियात एसएम, वायजी आणि जेवायपी या तीन बड्या कंपन्यांचं राज्य होतं आणि टीव्हीवर वेळ त्यांच्याच कलाकारांना मिळायचा. दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त जवळची: सातपैकी एकही जण राजधानी सेऊल शहरात वाढलेला नाही. कुणी बुसानचा, कुणी देगूचा, कुणी ग्वांगजूचा, कुणी सेऊलबाहेरच्या उपनगरांतला. शुगा हा त्यातला एक ट्रेनी असताना डिलिव्हरीचं काम करायचा, त्यात अपघात होऊन त्याचा खांदा दुखावला. २०१३ च्याच एका गाण्यात या पोरांनी आपापल्या प्रांताच्या बोलीत रॅप केलं. नागपूर-वर्ध्याच्या पोराने पुण्यात वऱ्हाडीत रॅप करावं तसंच. लहान गावातल्या पोरीला हे कळायला कोरियन येण्याची गरज नाही.

टीव्हीवर जागा नव्हती म्हणून त्यांनी पदार्पणाआधीच ट्विटर, ब्लॉग आणि यूट्यूब धरलं. जेवताना, भांडताना, सराव करून जमिनीवर पडलेले असतानाचे व्हिडिओ रोज फुकट टाकले. सबटायटल चाहत्यांनीच घातले. २०१७ मध्ये बिलबोर्डचा सोशल मीडियाचा पुरस्कार, २०१८ मध्ये अमेरिकेच्या अल्बम यादीत पहिला क्रमांक आणि संयुक्त राष्ट्रांत भाषण, २०१९ मध्ये लंडनचं वेम्बली स्टेडियम. आपल्याकडे त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. मग लॉकडाऊन. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्यामुळे पोरींचे मोकळे झालेले तास यूट्यूब आणि इन्स्टाकडे वळले, आणि ऑगस्टमध्ये बीटीएसचं 'डायनामाइट' आलं, चक्क इंग्रजीत. केबलवाला आणि वडील, दोन्ही अडथळे एका स्वस्त फोनने दूर केले.

एमपी थ्री सीडीचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला, तेही बघण्यासारखं आहे. गाणं फुकट ऐका, हरकत नाही. पण अल्बमच्या खोक्यात एक फोटोकार्ड असतं, आणि सातपैकी कुणाचं निघेल ते माहीत नसतं. आवडत्याचं निघेपर्यंत घ्या किंवा अदलाबदल करा. पोकेमॉनचे टाझो चिप्सच्या पाकिटात शोधलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. गाण्याची कॉपी होते, खोक्यातल्या कार्डाच्या 'कदाचित'ची होत नाही.

खरी मेख करारात

पोरं कितीही गुणी असली तरी पैसा कुणाच्या खिशात जातो, हे करार ठरवतो. 'बॅकस्ट्रीट बॉइज' आणि 'एन्सिंक' हे दोन्ही बँड लू पर्लमन या एकाच माणसाने उभे केले. करारात त्याने स्वतःलाही बँडचा एक सदस्य म्हणून धरलं होतं, म्हणजे मॅनेजर म्हणून वाटा वेगळा आणि 'सहावा' म्हणून वेगळा. लाखो प्रती विकल्यावर आपल्याला मिळालेला पहिला मोठा चेक १० हजार डॉलरचा होता, असं 'एन्सिंक'चे लान्स बास यांनी पुढे सांगितलं. दोन्ही बँड कोर्टात गेले. पर्लमनला २००८ मध्ये वेगळ्याच एका गुंतवणूक घोटाळ्यात २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो कैदेतच वारला.

कोरियाही काही साधुसंतांचा देश नाही. २००९ मध्ये 'टीव्हीएक्सक्यू' या बँडमधले तिघे १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्यानंतर तिथल्या सरकारी आयोगाने नमुना करार आणला आणि मुदत जास्तीत जास्त सात वर्षं ठरवली. म्हणून तिकडे बरेच बँड सातव्या वर्षी फुटतात. बीटीएस फुटलं नाही. मुदत संपायच्या आधीच, २०१८ मध्ये त्यांनी करार वाढवला, २०२३ मध्ये पुन्हा. २०२० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा सातही जणांना प्रत्येकी ६८,३८५ शेअर मिळालेले होते. आयपीओच्या भावाने प्रत्येकाचे ९ अब्ज वॉनच्या वर. शिवाय गाणी ते स्वतः लिहितात. आरएम या सदस्याच्या नावावर कोरियाच्या कॉपीराइट संस्थेत दोनशेहून जास्त गाणी नोंदलेली आहेत. गाणं वाजेल तेव्हा लिहिणाऱ्याला पैसे, हे तिथे ठरलेलं आहे.

आपल्याकडे २००२ मध्ये असा आधार नव्हता. गायकाला एकदा मानधन मिळालं की बहुतेक वेळा विषय संपायचा. कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीतला वाटा कंपनीला सरसकट लिहून घेता येत नाही. गायकांची रॉयल्टी गोळा करायला 'इसरा' ही संस्था २०१३ मध्ये झाली. म्हणजे 'अ बँड ऑफ बॉइज'च्या भराच्या काळात यातलं काहीच हाताशी नव्हतं.

आता हे वर्ध्याला का सांगायचं? कारण उद्या इथल्या डान्स क्लासमधल्या पोराच्या इन्स्टावर कुठल्यातरी 'ऑडिशन'ची लिंक येणार आहे, आणि ती खरी असेल की फसवी हे घरी कुणालाच कळणार नाही. मोठ्या कंपन्या ऑडिशनसाठी पैसे मागत नाहीत. 'रजिस्ट्रेशन फी' दिसली की फोन ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलाने स्वतः सही केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, त्यामुळे कागद आईवडिलांसमोर येणारच. तेव्हा सही करण्यापूर्वी वकिलाकडून चार गोष्टी वाचून घ्या. मुदत किती? ट्रेनिंगचा खर्च पुढे पोराच्या कमाईतून वळता होणार का? नाव आणि चेहरा कुणाच्या मालकीचा? आणि पोराने गाणं लिहिलं तर श्रेय कुणाचं? ट्रेनिंगच्या खर्चाचा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. राहणं, जेवण, नाच-गाण्याचे क्लास हे सगळं कंपनी 'देते' असं वाटतं, आणि पहिला पगार यायची वेळ आली की ते उधार होतं, हे कळतं.

ते पाच जण आता कुठे आहेत?

चिंटू भोसले आणि सिद्धार्थ हळदीपूर संगीतातच राहिले. सुधांशू यांनी 'सिंग इज किंग', रजनीकांत यांचा '२.०' असे सिनेमे केले आणि २०२० मध्ये 'अनुपमा' मिळाली. २०१८ च्या सुमारास बँड पुन्हा जमला, नव्याने गाणी काढायला लागला. मधल्या काळात 'बॅकस्ट्रीट बॉइज'ही मुंबईत येऊन गेले. ४ मे २०२३ रोजी बीकेसीत त्यांचा कार्यक्रम झाला. गर्दीत चाळिशीला टेकलेल्या बायका होत्या, काही जणी मुलींना घेऊन आलेल्या. बीटीएसचे शेवटचे सदस्य जून २०२५ मध्ये सक्तीच्या सेवेतून सुटले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी २०२६ साठी नवा अल्बम आणि जागतिक दौरा जाहीर केला.

आमच्या घरच्या प्रयोगाचं सांगायचं राहिलं. आईने 'मेरी नींद' पूर्ण बघितलं, परत लावायला सांगितलं. मग म्हणाली, "गाणं चांगलं हाय. आम्हाले तेव्हा दाखवलंच नाही कोणी."